किती तोळ्यांचे होते?

रविवार सकाळपासून माझ्या पत्नीचे मंगळसूत्र गोव्यातल्या हणजूणच्या समुद्रात पडलेले आहे. वस्तुतः ते तिच्या गळ्यात आहे. हे लिहीत असताना ती माझ्यासमोर बसून कोथिंबीर निवडते आहे आणि मान खाली घातली की त्यातल्या वाट्या दिसतात. परंतु म्हापशाच्या मासळी बाजारात, आमच्या गल्लीत आणि पर्वरीला राहणाऱ्या माझ्या मेहुण्याच्या घरी ते समुद्रात पडलेले आहे, ते मी पाडलेले आहे, आणि ते शोधण्यासाठी मी चौदा माणसे कामाला लावली होती.

त्या चौदा माणसांची हकीकत एवढीच, की किनाऱ्यावरील जीवसृष्टीची ओळख करून देणारी एक मोफत फेरी रविवारी सकाळी निघणार असल्याचे मला कळले. निवृत्त माणसाला ‘मोफत’ हा शब्द ज्या स्वरात ऐकू येतो, त्या स्वरात तो नोकरदारांना ऐकू येत नसावा. पायांत पकड असलेले बूट घाला, काही उचलू नका, उलटवलेला दगड पुन्हा होता तसा ठेवा, अशा सूचना होत्या. त्यांतल्या शेवटच्या दोन मी पाळल्या.

पहाटे स्कूटर काढून मी पोहोचलो, तेव्हा पाणी बरेच मागे गेले होते आणि एरवी लाटांखाली असणारे काळवंडलेले, भोकाभोकांचे खडक उघडे पडले होते. मार्गदर्शक मुलगी समुद्री जीवशास्त्र शिकणारी, आवाजाने लहान पण ज्ञानाने पक्की होती. वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची जी नक्षी दिसते, ती एका इवल्याशा खेकड्याची न्याहारी असते, हे तिने दाखवले. तो वाळू तोंडात घेतो, तिच्यातले खाण्याजोगे तेवढे गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवतो. पुढच्या भरतीत सगळे पुसले जाते आणि त्यानंतरच्या ओहोटीला तो पुन्हा बसतो. चौतीस वर्षे कचेरीत फायली हलवलेल्या माणसाला त्याच्याविषयी जे वाटायचे ते वाटले.

मग आम्ही खडकातल्या एका डबक्याभोवती उकिडवे बसलो. डबके परातीपेक्षा फार मोठे नव्हते, पण त्याच्या काठाशी एक समुद्रफूल उमललेले होते. ते दिसते फुलासारखे, पण आहे प्राणी. त्याच्या पाकळ्या म्हणजे विषारी काट्यांनी भरलेले हात असतात आणि हाताला लागलेला मासा किंवा कोळंबी ते मधल्या तोंडात ढकलते. चौदा माणसे माना घालून, श्वास रोखून ते पाहत होती. मागून हे दृश्य कसे दिसत असेल, याचा विचार आमच्यापैकी कोणीही केला नव्हता.

“कितें सांडलां?”

मागे अर्ध्या पँटमधले, उघड्या अंगाचे, सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ सायकल धरून उभे होते. वाळूवरून सायकल इथवर आणण्याचे कारण मला अजून उमगलेले नाही. मी सगळ्यांत मागे असल्यामुळे उत्तराची जबाबदारी माझ्यावर आली आणि मी म्हणालो, “काही नाही.”

इथे माझे चुकले. सकाळी सात वाजता पाण्याकाठी उकिडवा बसलेला, केस पिकलेला मनुष्य जेव्हा ‘काही नाही’ म्हणतो, तेव्हा नुकसान मोठे आहे, हे आमच्या बार्देश तालुक्यातले मूलही ओळखते. गृहस्थांनी सायकल खडकाला टेकवली आणि माझी भाषा ओळखून ते कोकणीतून मराठीत आले; ‘पात्रांव’, म्हणजे मालक, एवढे मात्र तसेच राहिले.

“पात्रांव, घाबरू नका. पाकीट की मोबाइल?”

“काहीच हरवलेले नाही. आम्ही नुसते बघतो आहोत.”

“तेच विचारतोय. काय बघताय?”

“समुद्रफूल.”

त्यांनी डोळे बारीक केले, आमची डोकी मोजली आणि माझ्या कानाशी वाकून अत्यंत हळुवारपणे विचारले, “किती तोळ्यांचं होतं?”

आपल्याकडे बायका सणाला अंबाड्यात सोन्याचे फूल घालतात, आणि फुलासाठी चौदा माणसे पहाटे समुद्रावर येतात ती फक्त त्याच जातीच्या फुलासाठी, हा त्यांचा तर्क एका दृष्टीने निर्दोष होता. मी त्यांना डबक्यापाशी नेले. मुलीने, आपल्याला आणखी एक श्रोता मिळाला या आनंदात, समुद्रफुलाची सगळी माहिती पहिल्यापासून सांगितली. त्यांनी ती देवळात पुराण ऐकावे तशी हात जोडून ऐकली आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “पोरीला सांगितलेलं दिसत नाही तुम्ही. बरं केलंत. घरच्या गोष्टी घरात.”

मी पुन्हा पहिल्यापासून समजावू लागलो, की असल्या फेऱ्या असतात, लोक खेकडे आणि खडकाला चिकटलेली कालवे पाहण्यासाठी मुद्दाम येतात आणि त्याचे पैसे पडत नाहीत. “खातात की विकतात?” त्यांनी विचारले. खातही नाहीत आणि विकतही नाहीत, असे म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी खरीखुरी कणव दाटून आली. खुबे, तिसऱ्या, शिणाण्या असल्या शिंपल्या आणि कुर्ल्या यांच्यासाठी समुद्रावर वाकलेली माणसे त्यांनी जन्मभर पाहिली होती, किंबहुना तेही तसेच वाकले असतील. रिकाम्या हातांनी वाकणारा मात्र ज्याचे काही गेले आहे तोच, यापलीकडे तिसरी शक्यता त्यांच्या हिशेबात नव्हती. खरे सांगायचे तर माझ्या पत्नीच्याही हिशेबात ती नव्हती. निघताना तिने माझ्या हातात पिशवी दिली होती.

“वेळ किती आहे आपल्याकडे?” असे स्वतःशी म्हणत त्यांनी बोटांची पेरे मोजायला सुरुवात केली. “परवा अमावास्या झाली. आज द्वितीया. द्वितीयेची, म्हणजे दोनाची, पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडला भरती पुरी, सव्वासातला सुकतीचा तळ. त्यानंतर पाणी चढणार. उधाणाचे दिवस, जोरात चढणार.” मुलीने मोबाइल पाहून ओहोटीची वेळ सहा बावन्न असल्याचे सांगितले. “मोबाइलला तिथी कळते?” त्यांनी विचारले. ती गप्प बसली. मीही गप्प बसलो, पण वेगळ्या कारणाने. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि त्याच्या मागोमाग भरतीही तेवढीच पुढे सरकते, हे शाळेत मी पाठ केले होते. ज्यांना ते पाठ करायचे नव्हते त्यांनी ते पाऊण तासावर भागवून पिढ्यान्‌पिढ्या होड्या पाण्यात घातल्या. हा माणूस त्या फेरीत वाटाड्या म्हणून शोभला असता. दुर्दैवाने तो आमचा शोधपथकप्रमुख झाला होता.

त्यांनी पुतण्याला हाक मारली. पुतण्या आला, त्याच्याबरोबर त्याचे दोन मित्र आले आणि त्या तिघांना पाण्यात उतरताना पाहून रात्रीचा कार्यक्रम अजून न आटोपलेले काही पर्यटक आले. त्यांच्यातल्या एकाने मला दबक्या आवाजात विचारले, “अंकल, बॉडी मिली क्या?” दुसरा चित्रीकरण करू लागला. मुलगी कळवळून सांगत होती, की दगड उलटवू नका, त्यांच्या खालच्या बाजूला जीव राहतात. आणि पुतण्या तिला धीर देत होता, की ताई, काळजी नको, एकही दगड सोडत नाही.

हे सगळे थांबवावे म्हणून मी ताडकन उठलो. रबरी चप्पल आणि ओले शेवाळ यांचे नाते मला त्या क्षणी नीट समजले. मी बसलो तो थेट डबक्यात, कालव्यांच्या करवती कडांवर.

“तिथंच!” गृहस्थ ओरडले. “पात्रांवांच्या पायाला लागलं!”

समुद्रफुलाने तत्क्षणी आपले सगळे हात आत घेतले आणि त्याच्या जागी एक बुळबुळीत गोळा उरला. मलाही तसेच काही करता आले असते तर मी केले असते.

आता हे कबूल केले पाहिजे, की त्या फेरीतले सर्वांत चांगले दृश्य मला बसल्या जागेवरून दिसले. हातभर अंतरावर एक रिकामा शंख होता आणि त्याच्याशी परक्या शंखांत राहणारे तीन-चार खेकडे जमले होते. या खेकड्याचे पोट मऊ असते आणि त्याला मेलेल्या गोगलगायीचा शंख भाड्याशिवाय वापरावा लागतो. अंग वाढले की मोठा शंख शोधावा लागतो. मोठा शंख मिळाला की सगळ्यांत थोराड खेकडा त्यात शिरतो, त्याच्या जुन्या शंखात त्याच्याहून धाकटा, त्याच्या शंखात आणखी धाकटा, अशी एका शंखामागे अख्ख्या रांगेची सोय लागते, हे मुलगी वरून सांगत होती, आणि पँट फाटलेल्या अवस्थेतही मला ते ऐकावेसे वाटले. आमच्या गल्लीच्या टोकाला एक सहा मजली इमारत झाली आहे. तिच्यातले निम्म्याहून अधिक फ्लॅट परप्रांतीयांनी घेतलेले असून ते डिसेंबरातले दहा दिवस वगळता कुलूपबंद असतात; माझा पुतण्या लग्नानंतर चार वर्षे भाड्याने राहतो. खेकड्यांत कोणी दोन शंख बाळगत नाही. आणि किनाऱ्याबाहेर पडताच दुकानांतून शंखांचे पडदे, शंखांची झुंबरे, शंखांत अडकवलेल्या किल्ल्या टांगलेल्या असतात. एकेका पडद्यात खेकड्यांची एकेक वसाहत जाते. बाटलीच्या झाकणात संसार थाटलेले खेकडेही आढळतात, असे मुलगी म्हणाली तेव्हा एकही पर्यटक हसला नाही. ते माझ्याकडे पाहून हसण्यात गुंतले होते.

उठण्यासाठी हात टेकला तो बिअरच्या फुटक्या बाटलीवर. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन किनाऱ्यावर दारू पिणाऱ्याला आणि बाटल्या फोडणाऱ्याला २,००० रुपये दंड ठरला. त्या डबक्यात दंडाची पावती नव्हती, काच होती. मोरजीच्या आणि गालजीबागच्या किनाऱ्यावर कासव अंडी घालायला आले तर त्याच्या खड्ड्याभोवती कुंपण घालून पहारा बसतो, आणि तो बसायलाच हवा. पण कालव, खेकडा आणि समुद्रफूल यांच्या वाट्याला पहाऱ्याला आलेली फक्त एक मुलगी, तिचा एक मोबाइल आणि आम्ही चौदा हौशी, ज्यांच्यातला एक नेमका राखायच्या वस्तूवर जाऊन बसला.

गृहस्थांनी मला हात धरून वर काढले, जखमेवर खारे पाणी ओतले आणि मग शांतपणे मी कुठला, कोणाचा, म्हापशात घर नेमके कुठे, मासळी कोणाकडून घेता, हे सगळे विचारून घेतले. मासळीवाली निघाली त्यांची भावजय. “फूल बायकोचं ना?” त्यांनी शेवटी विचारले. हात चुरचुरत होता, पँटची अवस्था पाठमोरे होण्यासारखी नव्हती आणि मला घरी जायचे होते. मी मान डोलावली.

मी जखमेवर टाके घालून घेऊन घरी पोहोचेपर्यंत बातमी बाजारात पोहोचली होती, आणि मासळीच्या पाटीवरून उठताना तिने आकार बदलला होता. अंबाड्यातल्या फुलासाठी कोणी एवढा जीव टाकत नाही म्हणून त्याचे मंगळसूत्र झाले होते. पत्नी बाजारात गेली तेव्हा गळा पदराने झाकलेला होता. मासळीवालीने तो पदर पाहिला, काही विचारले नाही, आणि तिसऱ्यांचा एक वाटा पैसे न घेता पिशवीत टाकला. पत्नीने तो घेतला. खुलासा घरी येऊन माझ्याकडे मागितला.

सोमवारी तिने मुद्दाम पदर मागे सारून मंगळसूत्र दाखवले. मासळीवालीने ते निरखून पाहिले आणि समजूतदारपणे म्हणाली, “दुसरं केलंत? बरं झालं, बाय. पहिलं सापडलंय.” गृहस्थांच्या पुतण्याने रविवारी दुपारी, भरतीच्या आधी, खडकातून खरोखरच एक साखळी काढली होती. ती तिने काडेपेटीत जपून आणली होती, आणि आजूबाजूच्या चार पाटीवाल्यांसमोर तिने आवाज शक्य तितका खाली आणून सांगितले, “सोनाराला दाखवली. एक ग्रॅमवाली आहे. तुम्हाला ठाऊक होतं का?”

पत्नीचा राग साखळी आपली नसल्याबद्दल नाही. पस्तीस वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी चांगले घराणे पाहून मुलगी दिली आणि नवऱ्याने तिला मुलामा दिलेले मंगळसूत्र घातले, असे आता आख्ख्या बाजाराचे मत आहे, याबद्दल आहे. काडेपेटी फ्रीजवर ठेवलेली आहे. जिची ती साखळी असेल त्या बाईला शोधून काढण्याचे काम माझ्याकडे आले असून, त्यासाठी येत्या रविवारी मला पुन्हा हणजूणला जायचे आहे. त्या दिवशी नवमी येते. पाऊणपट केली तर भरती पावणेसातला, म्हणजे मी पोहोचेन तेव्हा ते सगळे खडक पाण्याखाली असतील.