एक पॉइंट पस्तीस

कॉम्प्युटरसाठी 3200 वेगाची रॅम पैसे मोजून आणली, बसवली, आणि विंडोजचा टास्क मॅनेजर म्हणतो 2133. दुकानात फोन केला तर, "सर, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी ऑन करा ना!" बायोस म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाची सेटिंग्ज आणि एक्सएमपी म्हणजे रॅमला छापील वेगावर नेणारं तिथलं बटण. हे 'करा ना' मला अजून पचलेलं नाही. रॅमचा छापील वेग रॅमवरच्याच एका चिमुकल्या चिपमध्ये नोंदलेला असतो. तरी मदरबोर्ड आपला भित्र्यासारखा सगळ्यात सुरक्षित वेगावर सुरू होतो. पहिल्या वर्गाचं तिकीट काढून डब्यात चढावं आणि टीसीने म्हणावं, पंखा तुमचा तुम्ही लावा, जळला तर आम्ही बघणार नाही. त्यात त्या बटणाला एका बोर्डवर एक्सएमपी म्हणतात, दुसऱ्यावर डीओसीपी आणि डीडीआर 5 ही नवी रॅम आली की एएमडीच्या बोर्डवर एक्स्पो. बारसं कोण करतं यांचं?

डिलीट बडवत आत शिरलो, तेवढ्यात शेजारचे काका पेपर न्यायला आले. वीज मंडळातून निवृत्त. त्या निळ्या स्क्रीनवर त्यांना एकच शब्द ओळखीचा दिसला.

"व्होल्टेज? किती देतोयस?"

"एक पॉइंट दोनचं एक पॉइंट पस्तीस करतोय."

"केव्ही?"

"नुसते व्होल्ट, काका."

त्यांचा चेहरा पडला. "आम्ही बावीस केव्हीच्या फीडरवर कामं केली रे." तरी खुर्ची ओढून बसलेच. "पण वाढवतोस कशाला? सँक्शन आहे?"

"रॅमवरच लिहिलंय."

"लिहिलेलं मीटरवरही असतं. हे 16-18-18-38 काय?"

"टायमिंग. रॅमला किती ठोके थांबावं लागतं ते. जितकं कमी तितकं बरं."

"आणि वरचे 3200?"

"ते जितके जास्त तितकं बरं."

"एकाच पानावर?" काकांनी चष्मा पुसला. "याचा ज्युनियर इंजिनिअर कोण?"

सेव्ह करायला एफ टेन दाबलं. स्क्रीन काळी. पंखे फिरले, थांबले, परत फिरले. रॅमचं आणि बोर्डाचं जुळतंय का, याची चाचपणी चालते त्या वेळी. एखाद्या बोर्डाला मिनिटंच्या मिनिटं लागतात आणि 'थांबा, काम चालू आहे' एवढंही कुणी दाखवत नाही. काका मात्र तृप्त. "ट्रिप झालं. लोड कमी कर."

बोर्ड स्वतःच शुद्धीवर आला तो परत 2133 वर. शेवटी हाताने 3000 लावले, ते टिकले. खात्री करायला सीपीयू-झेड हे वेग दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं, तर त्यात साधारण 1500.

"अर्धेच आले!" काका उठलेच. मी सांगितलं, घड्याळाच्या एका ठोक्यात ही रॅम दोनदा माहिती देते, म्हणून दुप्पट धरायचे.

"म्हणजे दुप्पट धरायचे ते फक्त विकताना?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोक्यावर 3200 बोटभर उंचीचं छापलंय. तो वेग बोर्ड आणि प्रोसेसरवर अवलंबून राहील, हे मुंगीच्या अक्षरात. एक्सएमपी लावणं हे ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो, हे त्याहून बारीक. पैसे मात्र मोठ्या अक्षरातल्या आकड्याचेच घेतले.

संध्याकाळी दूध आणायला उतरलो तर वॉचमन खुर्चीतून उठून काळजीने म्हणाला, "साहेब, तुमच्या घरात व्होल्टेज कमी येतंय म्हणे? काकांनी सोसायटीच्या वहीत तक्रार लिहिलीय."