नक्षी नव्हे, तारीख बघा
टायरवरची नक्षी (खाचा) शाबूत असेल तर टायर बदलायची घाई नको, असं टायरवरच्या एका लेखात म्हटलंय. मोटरहोमच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या बाबतीत हे मला अजिबात पटत नाही. ही गाडी महिनोन् महिने सगळं वजन घेऊन एकाच जागी उभी असते. रबर झिजायच्या आधीच म्हातारं होतं. आमच्या मागच्या टायरची नक्षी नव्यासारखी होती, पण रिमजवळ नख अडकेल अशा भेगा! टायरच्या बाजूवर DOT अक्षरांपुढे असलेल्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा, टायर कधी बनला ते कळतं: २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. नवे घेतानाही वाचाच. आणि टायरचा लोड इंडेक्स (तो किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) ठरवण्याआधी पाण्याची टाकी, सामान, माणसं असं सगळं भरून प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन काट्यावर करून घ्या. रिकाम्या गाडीच्या वजनावर जाऊ नका.