‘गॅसची भूल नको’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

‘जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन असेल तर गॅसची भूल घेऊ नका, कॅन्सर पसरतो. शिरेतून प्रोपोफॉलच मागा, नाहीतर नुसतं पाठीत इंजेक्शन घ्या. मॉर्फिनला नकार द्या.’ ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी नातेवाईक हा मेसेज माझ्यासमोर धरतात. मी भूलतज्ज्ञ आहे. आधीच धास्तावलेल्या घरात ही भीती कुणीतरी आणखी घालतं, याचा मला मनापासून राग येतो.

गॅसचा दावा अगदीच हवेतला नाही. 2016 साली लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयातल्या सात हजारांवर रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रोपोफॉल मिळालेले रुग्ण जास्त जगलेले दिसले. पण कुणाला कोणती भूल द्यायची हे तिथे डॉक्टरांनी ठरवलं होतं, त्यामुळे दोन्ही गटांतले रुग्ण मुळातच वेगळे असू शकतात. आकडेमोडीने तो फरक पुरता पुसता येत नाही. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गटांची वाटणी करून स्तनाच्या कॅन्सरच्या 2108 स्त्रियांवर चाचणी झाली. ती 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. एका गटाला नसा बधिर करून प्रोपोफॉल, दुसऱ्याला सेवोफ्लुरेन गॅस आणि मॉर्फिनच्या जातीची औषधं. कॅन्सर परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे 10 टक्के. स्तन म्हणजे जठर नव्हे, मान्य. पण गॅस आणि मॉर्फिन या दोन्ही ‘गुन्हेगारां’ची झडती इथे एकदमच झाली.

शिवाय न शमलेली वेदनाही शरीराला त्रासच देते. दुखलं की माणूस खोकत नाही, दीर्घ श्वास घेत नाही आणि छातीत कफ साठतो.

सगळ्यात धोकादायक सल्ला ‘नुसतं पाठीत इंजेक्शन’ हा. जठर बरगड्यांच्या आड, अगदी वर असतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात, श्वासपटल वर ढकललं जातं, स्नायू सैल करावे लागतात. जागेपणी हे तासन्‌तास सोसणं कठीण. त्यात गाठीने जठराचं तोंड अडलं असेल तर उपाशी पोटीही आत अन्न आणि पाणी साचलेलं असतं. ते फुप्फुसात जाऊ नये म्हणून श्वासनलिकेत नळी हवीच. एपिड्यूरल, म्हणजे पाठीत बारीक नळी ठेवून दिलेलं बधिर करणारं औषध, मी वेदनेसाठी देते, पूर्ण भुलीच्या जोडीला. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर तेही टाळावं लागतं.

प्रोपोफॉल मी वापरतेच. त्याने नंतरची मळमळ कमी होते. गॅसने ताप भडकण्याचा घातक आजार घराण्यात असेल तर गॅस पूर्ण वर्ज्य. कारणं अशी असतात.

म्हणून मेसेजऐवजी मला हे सांगा: आधीच्या भुलीत काय झालं, रक्ताच्या नात्यात कुणाला भुलीचा त्रास झाला का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, कोणता दात हलतोय. आणि काल रात्रीचं जेवण आज सकाळी उलटीत पडलं असेल तर ते सगळ्यात आधी. नळी कशी घालायची ते मी त्यावरून ठरवते.