काका, त्या कार्डावर माझ्याकडे गोळ्या मिळत नाहीत

माझं मेडिकलचं दुकान आहे. गेल्या महिनाभरात पाच-सहा ज्येष्ठांनी काउंटरवर आयुष्मान वय वंदना कार्ड (सत्तरीपुढच्यांसाठी केंद्राच्या आयुष्मान भारत या मोफत उपचार योजनेचं) ठेवलं आणि महिन्याच्या गोळ्या मागितल्या. एका काकांनी तर मोबाइलच पुढे केला. मेसेज असा: ‘70 वर्षांवरील प्रत्येकाला 5 लाखांपर्यंत औषधं कोणत्याही मेडिकलमधून फुकट. मेडिकलवाले हे लपवतात. हॉस्पिटलमध्ये कार्ड असलं तरी औषधं बाहेरूनच आणावी लागतात. तक्रार करून उपयोग नाही, यावर कुणाचं नियंत्रणच नाही.’ चोर मलाच ठरवलंय, तेव्हा उत्तरही मीच देतो.

‘प्रत्येकाला 5 लाख.’ बरंचसं खरं. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट नाही. फक्त 5 लाख वर्षाचे, आणि नवरा-बायको दोघं सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असेल तर ते किंवा हे, एकच निवडायचं.

‘कोणत्याही मेडिकलमधून.’ साफ खोटं. ही योजना भरती होणाऱ्या रुग्णासाठी आहे, ओपीडीची औषधं तिच्यात बसत नाहीत. योजनेच्या पॅनेलवर, म्हणजे यादीवर, असतात ती हॉस्पिटलं. मी दोन हजारांच्या गोळ्या दिल्या तर ते बिल मला कुणी देणार नाही. जनऔषधी केंद्रातही औषध स्वस्त मिळतं, फुकट नाही. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या खरोखर फुकट हव्या असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. गोळ्या शिल्लक असतील का, हा प्रश्न वेगळा आणि रास्त. ओपीडीची औषधं देणारा सरकारी विमा आपल्याकडे नाहीच असं नाही. ईएसआयच्या दवाखान्यात कामगाराला ती मिळतात. पण तिथे पगारातून वर्गणी कापली जाते.

‘हॉस्पिटलमध्ये औषधं बाहेरूनच आणावी लागतात.’ मला या वाक्याचा सगळ्यात जास्त राग येतो, कारण ते वाचून माणूस निमूटपणे पैसे काढून देतो. पॅकेजमध्ये औषधं, तपासण्या, इम्प्लांट, जेवण सगळं धरलेलं असतं. भरतीच्या आधीच्या 3 दिवसांचा खर्च आणि डिस्चार्जनंतर 15 दिवसांची औषधंही त्यातच. मग चिठ्ठी बाहेर का येते? हॉस्पिटलला आजारागणिक ठरलेली रक्कम मिळते. त्यातलं इंजेक्शन नातेवाइकांनी विकत आणलं, की तेवढे पैसे हॉस्पिटलचे वाचतात. हिशोब साधा आहे.

मोबाइल दाखवणाऱ्या त्याच काकांचं बघा. काकूंची अँजिओप्लास्टी याच कार्डावर झालेली. चार दिवसांपूर्वी डिस्चार्ज, आणि पिशवीत क्लोपिडोग्रेल, अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची चिठ्ठी. ते माझ्याकडे फुकट मागत होते, मी नाही म्हटल्यावर खिशातून पाचशेची नोट काढली. म्हटलं, “काका, नोट ठेवा. भांडायचंय ना? मग माझ्याशी नको. डिस्चार्ज कार्ड घ्या आणि हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे या योजनेसाठी रुग्णांना मदत करायला बसवलेल्या माणसाच्या, टेबलापाशी जा. पंधरा दिवसांच्या गोळ्या त्यांनी द्यायच्यात.” धंदा घालवला म्हणून बायको हसली.

‘कुणाचं नियंत्रणच नाही.’ हे अर्धवट. महाराष्ट्रात राज्य आरोग्य हमी सोसायटी ही योजना चालवते. ठरावीक उपचारांना आधी ऑनलाइन मंजुरी लागते, नंतर कागद तपासून क्लेम पास होतो. कार्डधारकाकडून पैसे घेतले तर ते परत करावे लागतात, आणि पुन्हा पुन्हा घेणारं हॉस्पिटल पॅनेलवरून काढता येतं. 14555 वर तक्रार नोंदवता येते. मात्र डोळ्यांत तेल घालून कुणी बसलंय, असंही नाही. सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगच्या 2023 च्या अहवालात मूळ आयुष्मान योजनेचे जवळपास साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल नंबरला जोडलेले सापडले. नंबर काय, तर दहा वेळा नऊ! तपासणी कागदांची होते आणि बाहेरून आणलेलं इंजेक्शन हॉस्पिटलच्या कागदावर येत नाही. ते फक्त तुमच्याकडच्या बिलावर दिसतं. म्हणून मी आता प्रत्येक बिलावर पेशंटचं नाव आणि तारीख आवर्जून टाकतो. घ्यायला विसरू नका, फाडू नका.

काका दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेले. तासभर बसवलं म्हणे, पण गोळ्या मिळाल्या. सोळाव्या दिवशी चिठ्ठी घेऊन परत माझ्याकडे आले. तेव्हा मात्र मी पैसे घेतले.