हत्याराची घडणावळ

एल्डन रिंग या व्हिडिओ गेमच्या मेनूत आवाज कमी करता येतो, सबटायटल्स लावता येतात, कॅमेरा उलटा फिरवता येतो. 'सोपं, मध्यम, कठीण' एवढंच कुठे सापडत नाही. २५ फेब्रुवारी २०२२ला गेम आल्यापासून लोक ते बटण शोधताहेत. ते मेनूत नाहीच मुळी. ते राउंडटेबल होल्ड या गेममधल्या मुक्कामाच्या जागी साखळीने जखडलेल्या ह्यूग नावाच्या लोहाराकडे आहे, आणि तो ते नगावर विकतो.

हे कळायच्या आत माझ्यासारखी माणसं मार्गिट या पहिल्या मोठ्या शत्रूच्या, म्हणजे बॉसच्या, पुढ्यात जाऊन उभी राहतात. हा गृहस्थ स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर सोसायटीच्या वॉचमनसारखा उभा असतो, फरक इतकाच की 'कुणाकडे जायचंय?' हे तो हातोड्याने विचारतो. त्याचा जीव ४१७४. समजा, आपली तलवार एका घावात १५० उतरवते. म्हणजे २८ घाव. मार्गिट एका हल्ल्यानंतर जेमतेम एक घाव घालू देतो, म्हणजे २८ वेळा त्याची काठी चुकवणं आलं. ती काठी तो हवेत उचलतो आणि तिथेच थांबतो. आपण घाबरून लोळण घेतली की मग सावकाश खाली आणतो. आता तोच घाव २१०चा करा. २० घावांत काम तमाम. बॉस तोच, बोटं तीच, पण मार खायच्या आठ संधी कमी झाल्या. काठिण्य म्हणतात ते एवढंच.

हे ६० जास्तीचे कुठून आणायचे, यावर नवखा माणूस दोन चुका हमखास करतो. पहिली म्हणजे सगळे रून, म्हणजे शत्रू मारून मिळणारी कमाई, अंगी ताकद आणि चपळाई वाढवण्यात ओततो. पण शस्त्रावर जी ई, डी, सी, बी, ए, एस अशी अक्षरं असतात (ई सगळ्यात कमी, एस सगळ्यात जास्त), ती सांगतात की तुमच्या अंगच्या गुणाचा किती वाटा घावात उतरणार. साध्या, न घडवलेल्या तलवारीचं अक्षर असतं डी किंवा ई. म्हणजे तुम्ही कितीही तालीम करा, तलवार ऐकूनच घेत नाही. लोहाराकडे नेली की मूळ घावही वाढतो आणि हळूहळू अक्षरही. आधी लोहार, मग तालीम. निदान सुरुवातीला.

उचिगाताना या सर्वांच्या आवडत्या कटानाचंच घ्या. कोरी असताना तिचा मूळ शारीरिक घाव ११५, +३ला, म्हणजे तीन पायऱ्या घडवल्यावर, १३५ आणि +२५ला २८१. ११५चे १३५ म्हणजे फार काही वाटत नाही. पण शत्रूचं संरक्षण मध्ये बसून आपला वाटा कापून घेतं, आणि घाव कमजोर असेल तर तो वाटा मोठा असतो. कमी पगारावर जास्त टीडीएस कापणारं असं हे खातं आहे. म्हणून कागदावर थोडी दिसणारी वाढ अंगावर पडताना त्याहून जास्त भरते.

आता घडणावळ. साध्या शस्त्राला स्मिदिंग स्टोन लागतात, एक ते आठ नंबरचे. प्रत्येक नंबर तीन पायऱ्या चढवतो आणि त्यासाठी अनुक्रमे २, ४, ६ असे १२ दगड मागतो. आठ नंबरांचे झाले ९६, वर शेवटच्या +२५साठी प्राचीन ड्रॅगनचा एक. एकूण ९७. विशेष शस्त्रांसाठी मात्र सॉम्बर जातीचे दगड, प्रत्येक पायरीला एकच, आणि प्रवास +१०वर संपतो. दहा दगडांत तेवढीच मजल. त्यांचा आकडा अडीचने गुणला की साध्या शस्त्राशी तुलना जमते: सॉम्बरचं +४ म्हणजे साध्याचं +१०. हे ठाऊक नसल्यामुळे +४ला कमी लेखून +७ची तलवार मिरवणारे किती तरी वीर आहेत.

मार्गिटपुरते १२ दगड पुरेत, तेही एक नंबरचे. चर्च ऑफ एलेमध्ये छोटं टेबल आहे, तिथे +३पर्यंत काम होतं, ह्यूगची गरज नाही. दगड लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या मुलखातल्या खाणीत भिंतीला चिकटलेले असतात. अडचण खाणकामगारांची. त्यांची कातडी दगडाची, तलवार त्यांच्यावरून टणकन परत येते. त्यामुळे तलवार मजबूत करायला जी खाण खणायची, त्या खाणीत तलवार कुचकामी आणि गदा किंवा मुद्गर कामाचा. अशा वेळी ह्या गेमवाल्यांच्या डोक्यात सरकारी कार्यालयाची रीत शिरली असावी असा संशय येतो.

दुसरी चूक म्हणजे चिलखत. शत्रू दोन घावांत मारतो, म्हणून माणूस सगळ्यात जाड लोखंड अंगावर चढवतो. पण एल्डन रिंगमध्ये चिलखत घडवताच येत नाही. जसं मिळालं तसं आयुष्यभर. शिवाय वजन क्षमतेच्या ७० टक्क्यांवर गेलं की लोळण म्हणजे पोत्याची आपट. मग पूर्वी चुकवता येणारे घावही बसू लागतात आणि 'चिलखत अजून जाड हवं' असं वाटू लागतं. खरा उपाय व्हिगर, म्हणजे जीव वाढवणारा अंगचा गुण. ४०वर जीव १४५०, ६०वर १९००, त्यानंतर वाढ नावालाच. हे चिलखताइतकं देखणं नाही, म्हणून कुणाला रुचत नाही.

पण खरी गंमत पुढे, तलवार +१२ झाली की. पेटीतून एक जबरदस्त तलवार निघते, नाव, वंश, इतिहास, सगळं काही. पण ती +०ची. हातातल्या जुन्या तलवारीपुढे ती नव्या सुनेसारखी: गुण असतील हो, पण आमच्या थोरलीची सर नाही! परत दगड गोळा करायला कोण जाणार? म्हणून सगळे जण पहिल्या तासात मिळालेल्या शस्त्रानेच चाळीस तास झुंजतात. यावर उतारा आहे. लिउर्निया या पुढच्या मुलखातल्या राया ल्युकेरिया क्रिस्टल टनेलमध्ये क्रिस्टालियन नावाचा स्फटिकी बॉस आहे. त्याच्यावर आधी जड शस्त्राने ठोका मारत कवच फोडायचं. त्याच्याकडची घंटा आणून राउंडटेबलवरच्या जुळ्या बायांना दिली की एक आणि दोन नंबरचे दगड दुकानात हवे तेवढे मिळतात. कुठलंही शस्त्र +६पर्यंत नेऊन चाखून पाहता येतं. स्थळं पाहण्याइतपत सोय झाली.

उलट टोकही आहे. मॉन्स्टर हंटर वर्ल्ड या दुसऱ्या गेममध्ये नव्या खेळाडूंना पुढच्या मोहिमेपर्यंत लवकर पोहोचता यावं म्हणून डिफेंडर शस्त्रं आणि गार्डियन चिलखत फुकट देतात. राक्षस शिंकायच्या आत मरतात. मग पुढचा मुलूख येतो तेव्हा लोळण कशी घ्यायची हेच कळलेलं नसतं. २००६च्या ऑब्लिव्हिअन या गेमने तर कमालच केली. तुम्ही जसे मोठे, तसे शत्रू मोठे. शेवटी रस्त्यावरचा साधा दरोडेखोर ग्लास आर्मर हे महागडं चिलखत घालून वाट अडवतो आणि मागतो काय, तर १०० नाणी! त्या चिलखताचा एक बूट विकला असता तर त्याला पोटासाठी वाटमारी करावी लागली नसती.

एल्डन रिंगने हा घोळ टाळला. शत्रू तिथेच, तेवढेच. तुम्ही वाढून या. मात्र २१ जून २०२४ला शॅडो ऑफ द एर्डट्री हे गेमचं पुरवणी प्रकरण आलं आणि +२५वाल्यांची गावातली पत परगावी चालेना. तिथे जोर वाढवणारे स्कॅडूट्रीचे तुकडे गोळा करायचे: ५० तुकडे, २० पायऱ्या, आणि त्यांचा परिणाम फक्त त्याच मुलखात. लोक दोनशेच्या लेव्हलचा माज घेऊन गेले आणि पहिल्याच फाट्यावर आपटले. त्यांनी ऑनलाइन एवढी आरडाओरड केली की आठवड्याच्या आत पॅच, म्हणजे गेममधली दुरुस्ती, आला आणि सुरुवातीच्या पायऱ्यांचा जोर वाढला. खरं तर बऱ्याच जणांच्या पिशवीत तुकडे होते, फक्त वापरले नव्हते.

हेच मुळाशी आहे. आपल्याकडे नवी चादर पाहुण्यांसाठी, चांगल्या बशा दिवाळीसाठी. तीच सवय इकडे. सात नंबरचा दगड मिळतो, आठवा मिळतो, आणि 'अजून याहून चांगली तलवार निघेल' म्हणून ते ट्रंकेत जातात. एकदा घडवलं की उलटं फिरवता येत नाही हीही धास्ती. शिवाय ऑनलाइन दुसऱ्या खेळाडूच्या जगात मदतीला जाताना गेम तुमच्याकडचं आजवरचं सगळ्यात जास्त घडवलेलं शस्त्र धरून जोड्या लावतो. ते पेटीत टाकलं तरी हिशोब पुसत नाही. पगारवाढ झाली की जुन्या खोलीचं भाडं परवडतं, पण ती खोली मिळत नाही, तसं.

ह्यूग मात्र ठोकत राहतो. पैसे वाढवतो, प्रश्न विचारत नाही. शेवटचा बॉस पडतो, नावांची यादी सरकू लागते. पिशवीत प्राचीन ड्रॅगनचे चार दगड तसेच. पुढच्या फेरीत सगळे शत्रू आणखी दणकट होतात, दगड मात्र सोबत येतात. तेव्हा लागतीलच की.