आधी तिकिटे, मग संघ

अमेरिकेतल्या पुरुषांच्या महाविद्यालयीन आइस हॉकीच्या ‘फ्रोझन फोर’मध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात, कोणते चार संघ खेळणार, हे मार्चअखेरीस ठरते, पण गुरुवारच्या दोन उपांत्य सामन्यांची आणि शनिवारच्या अंतिम सामन्याची एकत्रित तिकिटे कितीतरी महिने आधीच विकली जातात आणि नफेखोर ती दाबून ठेवतात. मग आपला संघ पोहोचला, की जेमतेम दोन आठवड्यांत चढा भाव मोजा, वर सेवाशुल्कही भरा! २०२५ मध्ये वेस्टर्न मिशिगन विद्यापीठ पहिल्यांदाच इथवर आले आणि थेट विजेते ठरले. तिथल्या विद्यार्थ्याने आधी कशाच्या भरवशावर तिकीट काढायचे होते? गुरुवारी हरलेल्या संघांचे चाहते परतल्यावर शनिवारी त्यांच्या खुर्च्या रिकाम्या दिसतात, याचा तर मनस्वी संताप येतो. विद्यार्थ्यांसाठी राखीव तिकिटे वाढवा आणि फेरविक्री मूळ किमतीतच होऊ द्या.