आधी कोणाचं दळण होतं?

तीन दिवस झाले, डोक्यावरून दोनदा अंघोळ झाली, तरी माझ्या उजव्या कानातून अजून पीठ निघतंय. टीवाय बीएस्सी आयटीच्या प्रोजेक्टसाठी रिक्वायरमेंट, म्हणजे वापरणाऱ्यांना सॉफ्टवेअरकडून काय हवंय ते, गोळा करायला गेलो होतो. हाती लागलं ते एवढंच.

विषय मीच निवडला, त्यामुळे कोणाच्या नावाने खडे फोडायची सोय नाही. 'पिठाच्या गिरणीसाठी ऑर्डर मॅनेजमेंट सिस्टिम'. वर्गात हॉस्पिटल मॅनेजमेंट आणि लायब्ररी मॅनेजमेंटवर झुंबड उडाली होती. मला वाटलं, आपण खऱ्या माणसांशी बोलून काहीतरी करू. नौपाड्यातली आमची गिरणी घरापासून पाच मिनिटांवर. निघताना आईने "जातोच आहेस तर" म्हणत पाच किलो गव्हाचा डबा हातात दिला. या तीन शब्दांवर आमचं घर चालतं.

गिरणीवाले काका भला माणूस. पण चक्की चालू असली की त्यांना ऐकू येत नाही, आणि बंद असली की ते बोलत नाहीत. आम्हाला शिकवलंय की मुलाखतीत हो-नाहीत संपणारे प्रश्न विचारू नयेत. म्हणून मी विचारलं, "काका, सध्याच्या पद्धतीत तुम्हाला काय काय अडचणी येतात?" त्यांनी पट्ट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू मधे उभा आहेस, ही येते."

तिथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण बाकड्यावर भाजणीचा डबा मांडीवर घेऊन एक काकू बसल्या होत्या.

"काय लिहितोयस रे?"

"प्रोजेक्ट आहे काकू. गिरणीचं ॲप."

"मग मला विचार. त्याला काय माहीत? तो नुसता दळतो. मी २२ वर्षं येतेय इथे."

असं म्हणून त्यांनी माझी वहीच ओढून घेतली. पहिल्याच पानावर यूज केस डायग्राम होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: एक काडीचा माणूस, काही लंबगोल आणि मधे रेघा. बस.

"हा काडीचा माणूस कोण?"

"कस्टमर. म्हणजे तुम्ही."

काकूंनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला. "ही मी?" बराच वेळ न्याहाळलं. एकूण अंगकाठी पसंत पडली असावी. "पण हातात डबा कुठाय?"

"डबा दाखवत नाहीत काकू."

"मग गिरणीत कशाला आलीय ती?"

मी गप्प.

"आणि ह्या अंड्यांत काय लिहिलंयस?"

"अंडी नाहीत ती, यूज केस आहेत."

"दिसतात अंडीच. आज संकष्टी आहे, माहितीये ना?" त्यांनी वही मिटून मला परत दिली, दोन बोटांत धरून.

मी घाईघाईने फायदे सांगायला लागलो. ॲपवर नंबर लागेल, जो आधी येईल त्याचं आधी दळलं जाईल. आमच्यात ह्याला क्यू म्हणतात, फर्स्ट इन फर्स्ट आउट, दुसऱ्या वर्षाला मला त्यात चांगले मार्क होते. काकू माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं मी पोळीला साखरेऐवजी मीठ लावा म्हणालोय.

"म्हणजे माझ्या पुढे कोणी नाचणी आणली, तर तिच्यामागून माझे गहू? अरे, पोळ्या काळ्या होतील की! गहू गव्हामागून जायचे. बाजरी, नाचणी शेवटी. माझी भाजणी ज्वारीनंतर चालेल, पण डाळीची चक्की वेगळी. लिही."

लिहिलं.

"दगडाला टाकी लावली त्या दिवशी माझं दळण घ्यायचं नाही. कचकच येते. तसा मेसेज यायला हवा. लिही."

लिहिलं.

"पीठ कमी का भरलं, तेही कळलं पाहिजे." इथे काका एकदम बोलले, "चक्की तापते, ओलावा उडतो," आणि पुन्हा मुके झाले. काकूंनी त्यांच्याकडे २२ वर्षांचा अविश्वास साठवून बघितलं. "लिही, उडतो म्हणे."

मग मी घोडचूक केली. भाजणीत काय काय घालता, म्हणून विचारलं. धान्याचं टेबल बनवायचं होतं. काकूंनी डब्याचं झाकण घट्ट दाबलं. "माझं प्रमाण मी माझ्या सुनेला सांगितलेलं नाही. तुझ्या कॉम्प्युटरला सांगू?" ही सिक्युरिटी रिक्वायरमेंट.

कबूल करायला जड जातं, पण पाऊण तासात त्या बाईंनी मला जेवढं शिकवलं तेवढं आख्ख्या सेमिस्टरने शिकवलं नाही. म्हणून राग कमी होतो असं नाही. कारण भाजणी दळून झाल्यावर "जातोच आहेस तर" हे शब्द त्यांनाही येतात, हे मला कळलं. मी कुठेही जात नव्हतो. तिसरा मजला, लिफ्ट बंद, आणि डब्याच्या झाकणातून प्रत्येक पायरीला पिठाची एक फुंकर थेट कानात. "घरपोच," मागून आवाज आला, "हेही लिही."

मी जिने चढत होतो तेवढ्यात खाली आमचे गहू दळले गेले. रात्री आईने तव्यावर पोळी टाकली, ती राखाडी झाली. तिने फक्त विचारलं, "आपल्या आधी कोणाचं दळण होतं?" वहीत ती रिक्वायरमेंट होती. पुढे मीच लिहिलेलं: प्रायॉरिटी लो.

सोमवारी गाइड सरांना सगळं दाखवलं. त्यांनी पानं मोजली. "आयट्रिपलई ८३० प्रमाणे नाहीये." रिक्वायरमेंट कशा लिहायच्या याचं ते मानक १९९८ चं, २०११ मध्ये त्याच्या जागी दुसरं आलं, पण आमच्या कॉलेजला अजून कोणी कळवलेलं नाही. "आणि वॉटरफॉल मॉडेलची आकृती टाक." वॉटरफॉल म्हणजे एक टप्पा पूर्ण झाला की मगच पुढचा, अशी सॉफ्टवेअर बनवायची पद्धत. विन्स्टन रॉइस यांनी १९७० साली ती पायऱ्यापायऱ्यांची आकृती काढली आणि त्याच लेखात खाली लिहिलं की हे असंच राबवणं धोक्याचं आहे. आकृती आमच्या ब्लॅक बुकपर्यंत, म्हणजे प्रोजेक्टच्या बाइंड केलेल्या रिपोर्टपर्यंत पोचली, खालची ओळ वाटेतच गळाली. हे मी सरांना म्हणालो नाही. इंटर्नल मार्क त्यांच्या हातात आहेत.

"स्कोप लहान वाटतोय. एआय टाका काहीतरी."

नाचणीनंतर गहू दळू नयेत, याला एआय?

खरं झोंबलं ते पुढेच. माझ्या शेजारच्याने हॉस्पिटल मॅनेजमेंट रेडीमेड आणलंय, सोनेरी अक्षरांच्या ब्लॅक बुकासकट. त्यात पेशंटच्या मुलाखती आहेत. हा मुलगा रक्त बघून वर्गात खाली पडला होता, हॉस्पिटलची पायरीही चढलेला नाही. त्याच्या रिपोर्टवर सरांनी 'व्हेरी गुड ॲनालिसिस' लिहिलं. माझ्या वहीला मात्र पीठ लागलंय म्हणून सरांनी ती रुमालाने धरली.

वर आता क्लायंटचं पत्र हवंय, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. गिरणीला लेटरहेड नाही. शिक्का विचारला तर काकांनी पिठात पंजा बुडवून वर केला आणि म्हणाले, "हा चालेल?" बाकड्यावरून लगेच उत्तर आलं. सोसायटीच्या महिला मंडळाचा शिक्का काकूंच्याच कपाटात असतो. पत्र त्या देतील, पण आधी डायग्राममधल्या बाईच्या हातात डबा काढून दाखवायचा.

शनिवारी सकाळी बोलावलंय. येताना वर चढून त्यांचा गव्हाचा डबाही खाली आणायचाय.